दादाची बॅटरी

(द्वितीय वर्ष, कला)

'विजेरी' हा शब्द मला कॉलेजात आल्यावर कळला. आमच्या दिवाळे गावात त्या वस्तूला बॅटरी म्हणतात, तिच्या आतल्या सेललाही बॅटरी म्हणतात, आणि मोबाईलच्या पोटात जे काही असते त्यालाही बॅटरीच म्हणतात. कोणती बॅटरी हवी आहे ते बोलणाऱ्याच्या हातवाऱ्यांवरून ओळखायचे. भाषेच्या तासाला सरांनी एका शब्दाचे अनेक अर्थ हा भाग शिकवला तेव्हा हे उदाहरण माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण मागच्या बाकावरून ते पुढे काही गेले नाही. म्हणून आज ते इथे लिहितो.

दिवाळे म्हणजे बेलापूरचा कोळीवाडा. एका अंगाला नवी मुंबईच्या उंच इमारती आणि दुसऱ्या अंगाला पनवेलची खाडी. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा माझा आजा ऐन पंचविशीत होता. शहर येताना त्याने डोळ्यांनी पाहिले, पण त्याची नजर बहुतेक वेळ खाडीकडेच असे. आजाजवळ तीन सेलची, स्टीलची, लांबलचक एव्हरेडी होती. सेल उतरले की तो ते पत्र्यावर उन्हात तापत ठेवी, आणि मग ते आणखी एकदोन रात्री रखडत चालत. उजेड पिवळा, मध्ये काळपट वलय असलेला. मात्र ती बॅटरी घेऊन तो कधी पाण्यात उतरला नाही. पाण्यात उतरायचे ते नुसत्या हातांनी. आमच्या खाडीचे पाणी इतके गढूळ की कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटे दिसत नाहीत. दिवाळीत गावचे लोक समुद्रातून बहिरीदेवाला वर काढून गावात आणतात, त्याच्या गोष्टी सांगताना आजा नेहमी म्हणे, "पान्यान डोले मिटूनच जायाचं. हातानंच बघायाचं."

आमच्या पिढीला हातांनी बघता येत नाही. आम्हांला उजेड लागतो.

गेल्या वर्षी कोजागिरीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. शनिवार होता, म्हणून मीही होडीवर गेलो होतो. बाबा सुकाणूवर, दादा पुढे, आणि मी मध्ये बसून उगाचच मदत करीत असल्यासारखा. ओहोटी लागली होती, चंद्र अजून वर यायचा होता. एकाएकी इंजिन घुसमटल्यासारखे झाले आणि बंद पडले. पंख्यात काहीतरी गुरफटले होते. असे आता आठवड्यातून एकदा होतेच. शहर आपल्या पिशव्या खाडीत सोडते आणि फाटक्या जाळ्यांचे तुकडे आम्ही कोळी सोडतो, दोन्ही मिळून पंख्याला मिठी मारतात. ओहोटीचा ओढ होडीला डोलीच्या खुंटांकडे नेऊ लागला. दादाने कमरेला दोर बांधला, एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेतली, आणि तो उतरला.

ती बॅटरी मी आणलेली होती. मुद्दाम सांगतो, कारण पुढचे सगळे त्यासाठीच आहे. स्टेशनबाहेरच्या एका टपरीवर साडेतीनशे रुपयांना. आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. बाबा चौथीपर्यंत, दादा नववीपर्यंत, आई शाळेच्या वाटेला गेलीच नाही. पण मासळीचा हिशेब तिच्याइतका वेगाने मी आजही करू शकत नाही. औषधाच्या बाटलीपासून डिझेलच्या अनुदानाच्या कागदापर्यंत जे काही इंग्रजीत असेल ते माझ्यापुढे येते. मी वाचतो, सांगतो, आणि ते सगळे खरे मानतात. त्या बॅटरीच्या खोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत 'वॉटरप्रूफ' असे छापलेले होते. मी ते मोठ्याने वाचून दाखवले होते.

पाण्याखाली आधी हिरवट उजेडाचा एक गोळा हलताना दिसला. मग तो लुकलुकला. मग गेला. मी बाबांकडे पाहिले, बाबा दोराकडे पाहत होते. दोर एकदा थरथरला आणि ताठ झाला. बाबांनी ओढून पाहिला, येईना. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. बाबा म्हणतात, "तीस मोजलं आसल." मला ते तीस कुठेच सापडत नाहीत. मग होडीच्या भलत्याच बाजूला दादाचे डोके वर आले आणि त्याने असा काही श्वास घेतला की त्याचा आवाज मला आजही वर्गात बसलेलो असताना ऐकू येतो. अंधारात वर कोणते नि खाली कोणते ते त्याला कळेना; पंख्यातले जाळे त्याच्या मनगटाला गुंडाळले गेले होते. ते तोडताना सुरी तळव्यात शिरली. सात टाके पडले.

घरात कोणी मला एका शब्दाने बोलले नाही. बाबा एवढेच म्हणाले, "विजली तर विजली. वस्तू हाय." त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तरी चालले असते.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून ते खोके काढले. लाल अक्षरांच्या खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते : 'आयपीएक्स ४'. ते मी वाचले नव्हते असे नाही. ते मला दिसलेच नव्हते. त्याचा अर्थ शोधायला मला पाच मिनिटे लागली. ४ म्हणजे कोणत्याही बाजूने पाण्याचे शिंतोडे उडाले तरी वस्तू टिकते. शिंतोडे! ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ असेल तर एक मीटरहून खोल. पण किती खोल आणि किती वेळ हे कारखानदाराने स्वतः लिहायचे असते, आणि तो ते लिहीत नसेल तर त्या आठाला काही किंमत नाही. म्हणजे खोक्यावर खोटे असे काहीच नव्हते. मोठी अक्षरे गिऱ्हाइकासाठी होती आणि बारीक अक्षरे वाचणाऱ्यासाठी. घरातला वाचणारा मी असून गिऱ्हाइकासारखा वागलो होतो.

या जानेवारीत दादाने जाहीर केले की तो तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकणार. तिथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची शिकवणारी संस्था आहे. खाडीत आता पूर्वीसारखी मासळी नाही. बोटींचे बूड साफ करणे, बुडालेल्या वस्तू काढणे अशा कामांना पाणबुडे लागतात, आणि नुसता दम धरून जाणाऱ्याला ते काम कोणी देत नाही, प्रमाणपत्र लागते. बाबांना हे पटेना. "कोल्याच्या पोराला पान्यान जायाची शिकवनी?" असे ते दोन दिवस म्हणत होते. तिसऱ्या दिवशी आईने डब्यातले पैसे काढून दिले, तेव्हा तो विषय संपला.

मग दादा माझ्याकडे आला. "बाकीचं सामान तितं भेटंल. बॅटरी आपली पायजे. तूच बघ."

मी नाही म्हटले. अगदी स्पष्ट म्हटले. तो तळव्यावरचा वण खाजवत म्हणाला, "मंग कोन बघनार? पयली चुकली म्हनून तर तुला ठाव हाय कुटं चुकतं ते."

परीक्षेपेक्षा जास्त अभ्यास मी त्या महिन्यात केला, हे प्राध्यापकांनी माफ करावे.

पहिला धडा माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी दिला. मी विचारले, पाणी आत जाते कुठून? त्यांनी कागदावर एक नळी काढली, तिचे झाकण काढले, आणि झाकणाच्या आट्यांपाशी एक लहान गोल काढून म्हणाले, "सगळी बॅटरी ही एवढीच." ती रबरी कडी. आपल्या कुकरच्या झाकणातल्या रिंगची धाकटी बहीण. समुद्रात दर दहा मीटर खाली गेले की सुमारे एका वातावरणाचा दाब वाढतो. सुरुवातीच्या अभ्यासक्रमाची मर्यादा अठरा मीटर असते, म्हणजे तिथे जमिनीवरच्या पावणेतीनपटीहून थोडा अधिक दाब. मला वाटले होते की जितके खोल तितकी कडी फसण्याची भीती. सर म्हणाले, चांगल्या कडीचे उलटे असते. दाब तिला खोबणीत अधिक घट्ट बसवतो. पाणी पुष्कळदा उथळातच शिरते, कारण कडीवर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिलेला असतो आणि दाबायला अजून कोणी आलेले नसते.

याच कडीवरून त्यांनी चॅलेंजरची गोष्ट सांगितली. २८ जानेवारी १९८६ रोजी ते अमेरिकन अवकाशयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आतच फुटले आणि सातही अंतराळवीर गेले. कारण निघाले ते रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्या. त्या दिवशी थंडी होती, आणि थंडीत रबराची लवचीकता जाते. रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने चौकशीच्या वेळी भर सभेत कडीचा एक तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला, आणि बाहेर काढल्यावर तो लगेच पूर्ववत फुगला नाही हे दाखवून दिले. एवढे मोठे यान आणि एक पेला पाणी! मी घरी येऊन ही गोष्ट आईला सांगितली. ती कोळंबी सोलत होती. म्हणाली, "कुकरची रिंगपन बदलायला झाली हाय."

दुसरी अडचण बटणाची. दाबायचे बटण म्हणजे नळीला पाडलेले आणखी एक भोक. डोके पिळून लावायची बॅटरी असते, तिच्यात ते भोक नाही, पण प्रत्येक वेळी पिळताना कडी घासते. आणि पाण्याखाली चुकून उलटी पिळली तर उघडतेच. तिसरा प्रकार सरकत्या चुंबकाचा. बाहेर चुंबक सरकतो, आत त्याला ओळखणारा भाग जोडणी करतो, नळी अखंड राहते. मला हा प्रकार आवडला. त्यालाही खोट आहे : किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतले लोहकण चुंबकाला चिकटतात आणि सरकपट्टी अडते. पण ते धुता येतात. मी ठरवले की ज्या खोडीला पाण्याचा एक नळ पुरतो ती खोड पत्करावी.

उजेडाबद्दल माझी समजूत अगदीच बाळबोध होती : जितका जास्त तितका चांगला. बाजारात तर लाखाचे आकडे छापलेल्या बॅटऱ्या पडून असतात. पण गढूळ पाण्यात फार उजेड हा शत्रू असतो. माळशेज घाटात धुक्यातून येताना एसटीच्या ड्रायव्हरने मोठे दिवे लावले तर समोर पांढरी भिंत उभी राहते आणि रस्ता दिसेनासा होतो. तो दिवे खाली करतो. तसेच पाण्यात. गाळाचा प्रत्येक कण उजेड उलटा डोळ्यांत फेकतो. म्हणून पसरट झोतापेक्षा अरुंद, काठीसारखा झोत बरा. छायाचित्रे काढणाऱ्यांना पसरट लागतो, तो वेगळा. स्वच्छ समुद्रातही उजेडाचे एक काम मला ठाऊक नव्हते. पाणी तांबडा रंग आधी पिते. पहिल्या पाचदहा मीटरांतच तो फिका पडत जातो. आणखी खाली गेले की रक्तसुद्धा हिरवट काळे दिसते. भर दुपारी पाणबुड्याने प्रवाळावर बॅटरी धरली की हरवलेला तांबडा परत येतो.

हा पांढरा थंड उजेडच मुळात नवा आहे. आजाच्या बॅटरीत तापलेली तार होती. निळा प्रकाश देणारा अर्धवाहक दिवा बनवल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळाले; त्या निळ्यावाचून आजचा पांढरा एलईडी झाला नसता. बाबांना मात्र एलईडी शब्दाचाच राग. खोल समुद्रात झगझगीत दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या लहान कोळ्यांचे ताट ओढले, असे ते म्हणतात. केंद्र सरकारने २०१७ साली तशा मासेमारीवर बंदी घातली. "बंदी हाय म्हनं," एवढे बोलून बाबा थुंकतात. मी त्यांना सांगितले की दिवा तोच असला तरी हात वेगळा आहे. ते त्यांना थोडे पटले असावे.

सेलचा प्रश्न मी वर्गातल्या एका मित्राशी वाद घालत सोडवला. साधे सेल हळूहळू मंद होत जातात, म्हणजे निदान निरोप घेतात. चार्ज होणारे लिथियमचे सेल शेवटपर्यंत झगझगीत राहतात आणि कित्येकदा एकदम दार लावून घेतात. अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट लांब म्हणून त्या सेलचे नाव १८६५०. ताकद मोठी, पण पाणी लागले तर हाच सेल गरम होतो, वायू सोडतो, आणि नळी बंद असली तर आत दाब साठतो. अशी बॅटरी तोंडासमोर धरून कधी उघडू नये. मित्राचे म्हणणे लिथियमच घे. मी म्हटले, दोन घेऊ : मोठी लिथियमची आणि खिशात छोटी साध्या सेलची. गुहांमध्ये जाणारे पाणबुडे तर निदान तीन दिवे बरोबर घेतात. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते ते पुष्कळांना आठवत असेल. २३ जूनला आत गेलेली मुले २ जुलैला दोन ब्रिटिश पाणबुड्यांना सापडली, चिखलाच्या पाण्यापलीकडे. गुहेतले पाणी उपसण्याच्या कामात मदत करायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही गेले होते. त्या वेळच्या चित्रफितीत काळोखातून एकेक चेहरा बॅटरीच्या उजेडात येतो. तेव्हा मी शाळेत होतो आणि मुलांकडे पाहिले होते. यंदा पुन्हा पाहिली तेव्हा मी फक्त बॅटरी पाहत होतो.

खरेदीला लोहार चाळीत गेलो. बेलापूरहून हार्बरची गाडी, उतरल्यावर पायी. एका दुकानदाराने लाखाचा आकडा असलेली बॅटरी डोळ्यांवर मारून मला क्षणभर आंधळे केले आणि विचारले, "कशी आहे?" मी विचारले, "किती मीटर? किती वेळ?" तो म्हणाला, "वॉटरप्रूफ आहे ना!" मी नमस्कार करून बाहेर पडलो. असे चार ठिकाणी झाले. पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठने काही न बोलता माहितीचा कागदच पुढे सरकवला. शंभर मीटर लिहिलेले होते, चुंबकाची सरकपट्टी होती, झाकणाला एक नव्हे तर दोन कड्या, खोक्यात आणखी दोन जादा, आणि मनगटाची दोरी. चार हजार दोनशे. छोटीचे सहाशे वेगळे. आईच्या टोपलीचे किती दिवस हे मी मनात मोजले आणि पैसे दिले.

पण कागदावर आता माझा विश्वास राहिलेला नाही. घरी आल्यावर सेल काढून आत टिपकागद भरला, कडीवर बरोबर मिळालेले सिलिकोनचे वंगण बोटाने अगदी पातळ लावले (मिळेल ते वंगण लावू नये, काही तेलांनी रबर फुगते), झाकण लावले, आणि दगड बांधून जेटीवरून खाली सोडली. आमच्याकडे उधाणाच्या भरतीलाही फार तर तीन वाव पाणी, म्हणजे साडेपाच मीटर. अठरा मीटरची ती परीक्षा नव्हे हे मला समजत होते. पण पाणी उथळातच शिरते असे सरांनी सांगितले होते ना! रात्रभर ठेवली. दोराचे टोक घरी नेता येईना, म्हणून मीच जेटीवर झोपलो. डासांनी हिशेब चुकता केला. सकाळी आधी गोड्या पाण्याने धुतली, पुसली, कोरडी होऊ दिली, आणि मग उघडली. टिपकागद कोरा करकरीत. मी तो गालाला लावून पाहिला.

त्या संध्याकाळी दादा ती घेऊन जेटीपाशी पाण्यात उतरला. आम्ही आधी खुणा ठरवल्या होत्या, पाणबुड्यांच्या असतात त्याच : उजेडाचे वर्तुळ म्हणजे ठीक आहे, झोत भराभर आडवा हलवला म्हणजे अडचण. दोराचे टोक माझ्या हातात होते. बाबा येणार नाही म्हणाले होते, तरी मागे येऊन उभे राहिले. पाण्याखालचा उजेड खाली खाली गेला, हिरवा झाला, मातकट झाला, दिसेनासा झाला. मी मोजू लागलो. अकरापर्यंत आलो असेन, तोच खालून एक अंधुक वर्तुळ फिरले. मग दुसरे. मग दादाला गंमत वाटू लागली असावी, कारण तो वर्तुळे काढतच राहिला.

रात्री जेवणानंतर बाबांनी ते खोके मागवले. उलटेसुलटे करून पाहिले आणि माझ्यापुढे ठेवले.

"वाच."

मी मोठी अक्षरे वाचली.

"ती नाय. बारीक हायेत ती."

मी चष्मा पुसला आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. आई भांडी घासायची थांबली. दादा दारात बसून कड्यांवरून बोट फिरवीत होता. एकेक ओळ मी इंग्रजीत वाचत होतो आणि मराठीत सांगत होतो, मध्येच बाबा हात वर करून थांबवत आणि विचारत, "म्हंजे?"